फुकट उपचारांचं गाव, आणि त्यानंतरचा हिशेब

[दृश्य: बर्फाने झाकलेली छपरं. दूरवर यंत्राचा आवाज.]

निवेदन:

उत्तर जपानमधल्या इवाते प्रांतात, डोंगरांनी वेढलेलं सावाउची नावाचं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण २००५ साली ते शेजारच्या गावाबरोबर एक झालं आणि आता त्याचं नाव निशिवागा आहे. हिवाळ्यात इथे बर्फ माणसाच्या डोक्यावरून जातो. १९५०च्या दशकात एकदा बर्फ लागला की रस्ता बंद, आणि रस्ता बंद म्हणजे डॉक्टरही बंद. म्हाताऱ्यांनी दुखणं अंगावर काढायचं, हीच रीत. हजार बाळं जन्मली तर सत्तरच्या आसपास वर्षाच्या आत दगावत.

१९५७ साली फुकासावा मासाओ गावप्रमुख झाले. त्यांनी बर्फ हटवायला बुलडोझर आणला. आरोग्याच्या गोष्टीत बुलडोझर कुठून आला, असं वाटेल. पण रस्ताच मोकळा नसेल तर दवाखाना असून नसून सारखाच. मग आरोग्यसेविका नेमल्या. त्या घरोघरी जायच्या, चुलीपाशी बसून चौकशी करायच्या, बाळाचं वजन घ्यायच्या.

आणि डिसेंबर १९६० मध्ये गावाने ठरवलं: ६५ वर्षांवरच्यांना उपचार फुकट.

प्रांताचे अधिकारी म्हणाले, हे कायद्यात बसत नाही. राष्ट्रीय आरोग्य विम्यात रुग्णाने स्वतःचा वाटा भरायलाच हवा. फुकासावांनी बोट ठेवलं ते राज्यघटनेच्या २५व्या कलमावर, किमान निरोगी जीवनाच्या हक्कावर. पुढच्याच वर्षी वयाची अट ६० वर आली आणि वर्षाच्या आतली बाळंही योजनेत घेतली. १९६२ साली सावाउचीत एकही तान्हं बाळ दगावलं नाही.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. तोक्यो शहर.]

ही हवा तोक्योपर्यंत पोचली. १९६९ साली गव्हर्नर मिनोबे र्‍योकिची यांनी राजधानीत ७० वर्षांवरच्यांचे उपचार मोफत केले. जानेवारी १९७३ पासून तानाका काकुएइ यांच्या सरकारने तेच देशभर लागू केलं. त्या सालाला ‘कल्याणाचं पहिलं वर्ष’ म्हणायचे. त्याच वर्षी शरद ऋतूत तेलाचे भाव भडकले आणि तिजोरीतला ओघ आटला. मुहूर्त म्हणतात तो असा!

देशाने सावाउचीचं ‘फुकट’ तेवढं उचललं. घरोघरी जाणाऱ्या सेविका मात्र त्या प्रमाणात आल्याच नाहीत. दवाखान्यांच्या बाकांवर सकाळपासून म्हाताऱ्यांच्या गप्पा रंगू लागल्या. तिथला एक विनोदच होता: “आज अमुक आजी दिसल्या नाहीत?” “नाही, त्यांना बरं नाहीये.”

हसू येतं, पण दोष आजींचा नव्हता. डॉक्टरला पैसे मिळायचे प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक गोळीचे. रुग्णाला द्यायचं काहीच नव्हतं. मग थांबायचं कुणी आणि कशासाठी? त्यात वृद्धाश्रमांत जागा नाही, घरी सांभाळायला माणूस नाही. मग उपचाराची गरज नसतानाही महिनोन्‌महिने रुग्णालयाच्या खाटेवर. त्याला नावही पडलं, ‘सामाजिक भरती’.

[दृश्य: नोंदणीची खिडकी. काउंटरवर ठेवलेली नाणी.]

फेब्रुवारी १९८३ मध्ये मोफत उपचार संपले. बाह्यरुग्णाला महिन्याला ४०० येन, भरती झालेल्याला दिवसाला ३०० येन. बोंब झाली ती या ४०० येनांची. माझ्या मते खरी उलथापालथ दुसरीकडे होती. शेतकरी, दुकानदार आणि निवृत्त माणसं ज्या राष्ट्रीय विम्यात होती, तिथे म्हाताऱ्यांची दाटी. कंपन्यांच्या विमा मंडळांत सगळे तरुण, धडधाकट. नव्या कायद्याने सांगितलं की वृद्धांच्या खर्चाचा भार सगळ्या विमा मंडळांनी मिळून उचलायचा. एकाचं ओझं दहा जणांच्या खांद्यावर आलं.

ओझं हलकं मात्र झालं नाही. एप्रिल २००८ पासून ७५ वर्षांवरच्यांचा विमाच वेगळा केला. वाटणी ढोबळमानाने अशी: निम्मा पैसा करांतून, चार दशांश तरुणांच्या हप्त्यांतून आणि एक दशांश स्वतः वृद्धांच्या हप्त्यांतून.

योजनेचं नाव कुणी ठेवलं कोण जाणे! ‘उत्तरकाळातले वृद्ध’, असा त्याचा अर्थ. म्हणजे आमची उलटी गिनती सुरू झाली का, असं लोक चिडून विचारू लागले. पंतप्रधान फुकुदा यासुओ यांनी पहिल्याच दिवशी ‘दीर्घायुष्य वैद्यकीय योजना’ असं टोपणनाव सुचवलं. पण १५ एप्रिलला पेन्शन जमा झाली आणि अनेकांच्या रकमेतून हप्ता आधीच कापलेला होता. टोपणनाव कोण लक्षात ठेवणार?

[दृश्य: औषधाच्या दुकानाबाहेर छत्री मिटणारे आजोबा.]

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जन्मलेली मोठी पिढी २०२४च्या अखेरीस सगळीच्या सगळी ७५ पार झाली. चार दशांश भरणारे तरुण घटत चालले, म्हणून ऑक्टोबर २०२२ पासून ठरावीक उत्पन्नावरच्या वृद्धांचा बिलातला वाटा १० टक्क्यांवरून २० टक्के केला. एकदम चटका बसू नये म्हणून तीन वर्षांची सवलत ठेवली: बाह्यरुग्ण उपचारांत ही वाढ महिन्याला ३,००० येनांपुरतीच.

ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली.