झडप गळते, पण दुखणं स्नायूचं

श्रोतेहो, नमस्कार.

"डॉक्टर, व्हॉल्व्ह लीक आहे ना, मग बदलूनच टाका की!" टूडी इकोचा कागद घेऊन आलेले नातेवाईक हे हमखास म्हणतात. कागदावर 'सिव्हिअर एमआर' लिहिलेलं असतं, म्हणजे डाव्या बाजूची मायट्रल झडप खूप गळते आहे. पण त्याच कागदावर आणखी एक ओळ असते : पंपिंग २५ टक्के, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकदच खूप कमी झालेली. अशा वेळी मूळ दुखणं बहुतेकदा त्या ओळीत असतं.

डायलेटेड कार्डिओमायोपथीत हृदयाचा स्नायू दुबळा होतो आणि डावा कप्पा फुगत जातो. कारण कधी आनुवंशिक, कधी विषाणूचा संसर्ग, कधी दारू. काही बायकांना बाळंतपणाच्या आसपासही हा आजार गाठतो. मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या बारीक, चिवट दोऱ्यांनी आतल्या स्नायूंना बांधलेल्या असतात. कप्पा फुगला की हे स्नायू दूर सरकतात, दोऱ्या ताणल्या जातात आणि पाकळ्या मिटत नाहीत. दाराच्या फळ्या धड आहेत, पण भिंत सरकून चौकट फाकली, तसं हे. रक्त उलटं फुप्फुसांच्या दिशेने जातं. आडवं झालं की धाप लागते, उशाला दोन-दोन उशा लागतात. (पाकळ्याच ऱ्हुमॅटिक तापाने खराब झाल्या असतील, तर गोष्ट वेगळी.)

हा ताण रक्तातही दिसतो. कप्प्याची भिंत ताणली की तिच्या पेशी बीएनपी नावाचं संप्रेरक सोडतात. ते लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं, रक्तवाहिन्या सैल करतं. थकलेलं हृदय स्वतःचा भार स्वतःच हलका करू पाहतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. नावातला 'बी' मात्र ब्रेनचा, कारण जपानी शास्त्रज्ञांना १९८८ साली ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडलं!

लॅबमध्ये पुष्कळदा त्याचा जोडीदार एनटी-प्रोबीएनपी मोजतात. अचानक धाप लागलेल्या माणसात तो ३०० पिकोग्रॅमच्या खाली आला, तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. जास्त आला, तर मात्र घाई नको. वय, किडनीचा आजार, अनियमित ठोके यांनीही तो वाढतो; लठ्ठ माणसात कमी दिसतो. सॅक्युबिट्रिल हे हार्ट फेल्युअरचं औषध घेणाऱ्यांचा साधा बीएनपी औषधामुळेच वाढतो, म्हणून त्यांच्यात एनटी-प्रोबीएनपीच पाहावा. आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. स्वतःचा मागचा रिपोर्ट जपून ठेवा, तुलना त्याच्याशी करायची.

औषधं योग्य मात्रेत काही महिने घेतली की अनेकांचा कप्पा आकसतो, दोऱ्या सैलावतात, गळती झडपेला हात न लावता कमी होते. काहींना खास पेसमेकर लागतो. एवढं करूनही गळती तशीच राहिली, तर निवडक रुग्णांत मांडीच्या शिरेतून क्लिप नेऊन पाकळ्या जोडतात.

बरं वाटू लागलं, आकडा उतरला, की लोक गोळ्या सोडतात. इथे मला कळकळीने थांबवावंसं वाटतं. लंडनमधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच आजारातून सावरलेले ५१ जण होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली २५ जणांची औषधं हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत त्यांतल्या ११ जणांचा आजार परतला. औषधं चालू ठेवलेल्या २६ जणांत तेवढ्या काळात एकाचाही नाही.