अर्ध्या भरलेल्या दफनभूमीतलं भाषण

हा फोटो जरा नीट बघा. गर्दीच गर्दी, उंच टोप्या, जो तो भलतीकडेच बघतोय, आणि मधे कुठेतरी एक माणूस बिनटोपीचा, मान जराशी खाली. हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन, इथल्या दफनभूमीच्या उद्घाटनाला भाषण करायला आलेला. १९ नोव्हेंबर १८६३, गेटिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया. या फोटोत तो आहे हे कळायलाच १९५२ उजाडलं, तोवर निगेटिव्ह सरकारी दप्तरात पडून होती. प्रत्यक्ष भाषण करतानाचा फोटो मात्र कुठेच नाही.

लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले राज्य... नागरिकशास्त्रात सगळ्यांनीच घोकलंय हे, लोकशाहीची व्याख्या लिहा, झालं. (शाळेच्या भिंतीवर लावलेलं ते हेडमास्तरांना पत्र लिंकनने लिहिल्याचा काही पुरावा नाही बरं का, पण हे शब्द नक्की त्याचेच, याच भाषणातले.) गंमत म्हणजे तो व्याख्या वगैरे करतच नव्हता. ते वाक्य भलंमोठं आहे, आपण त्याची फक्त शेपटी उचलली आणि तीही अर्धी, कारण पुढे तो म्हणतो की असं राज्य पृथ्वीवरून नाहीसं होऊ द्यायचं नाही. म्हणजे ते नाहीसं होईल अशी धास्ती होती त्याला, गुलामगिरीवरून उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी पेटलेली, देश उभा फाटलेला होता आणि युद्ध कुठे जाणार हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं.

जुलैमधे इथे तीन दिवस लढाई झाली. गाव जेमतेम २४०० वस्तीचं, आणि दोन्हीकडचे मेलेले, जखमी, पकडलेले, बेपत्ता असे सगळे धरले तर आकडा ५० हजारांच्या आसपास जातो. मेलेल्यांना जिथे पडले तिथेच कसंबसं पुरलं होतं. गावातले वकील डेव्हिड विल्स यांनी गव्हर्नरला कळवलं की मातीतून हातपाय वर आलेत, डुकरं उकरतायत. म्हणून मग सरकारी दफनभूमी करायचं ठरलं.

उद्घाटनाचे मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट, त्या काळातलं गाजलेलं नाव, त्यांना तयारीला वेळ हवा होता म्हणून तारीखसुद्धा पुढे ढकलली. राष्ट्राध्यक्षांना काय सांगितलं? चार समयोचित शब्द बोला. एव्हरेट दोन तास बोलले आणि लिंकन दोन-तीन मिनिटं, साधारण २७० शब्द. ते पाकिटाच्या मागे ट्रेनमधे खरडलेलं भाषण ही थापच आहे, मसुदा वॉशिंग्टनलाच सुरू झाला होता आणि आदल्या रात्री विल्स यांच्या घरी त्यावर हात फिरवला.

पण खरी मेख पहिल्या वाक्यात आहे. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी, असं म्हणून तो सुरुवात करतो. १८६३ मधून ८७ वजा करा, १७७६ येतं, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा, सगळी माणसं समान जन्माला येतात वालं वाक्य. संविधान त्यानंतर अकरा वर्षांनी लिहिलं गेलं आणि त्यात गुलामगिरीला पांघरूण होतं. लिंकनने ते ओलांडून सरळ मागे जाहीरनाम्यावर उडी मारली. (जाहीरनामा लिहिणारे जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक, तो भाग वेगळा.) आख्ख्या भाषणात गुलामगिरी हा शब्द एकदाही नाही, तरी ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबलंच, शिकागोच्या एका पेपरने संविधानातली कलमं काढून त्याला झोडपला. एव्हरेटनी मात्र दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं, तुम्ही दोन मिनिटांत मुद्द्याच्या जितके जवळ गेलात तितका मी दोन तासांत गेलो असेन तर मला आनंदच होईल.

१९५८ च्या फ्रेंच संविधानात लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी हे तत्त्व म्हणून बसलं. १९६३ मधे मार्टिन ल्युथर किंगनी लिंकनच्याच स्मारकासमोर उभं राहून तशाच, वर्षं विसाविसांनी मोजायच्या जुन्या ढंगात, शंभर वर्षांपूर्वी, अशी सुरुवात केली. आणि आपल्याकडे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते कोणाला, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना त्या लढ्याचा अर्थ बरोबर लागला होता.

आता परत त्या मैदानात या. भाषण झालं तेव्हा निम्मीही प्रेतं हलवून झाली नव्हती. दर प्रेतामागे १ डॉलर ५९ सेंट असं कंत्राट होतं, आणि प्रत्यक्ष उकरायचं काम करत होती बेसिल बिग्ज या काळ्या शेतकऱ्याची टोळी. जूनमधे दक्षिणेचं सैन्य येतंय म्हटल्यावर बिग्ज गाव सोडून पळाले होते, कारण ते सैनिक स्वतंत्र काळ्या माणसांनाही धरून गुलाम म्हणून दक्षिणेत नेत होते. परत आले तर शेताची वाट लागलेली. पाहुणे ट्रेनने गेले, लिंकन वॉशिंग्टनला जाऊन देवीच्या तापाने आजारी पडला, आणि इथे खोदकाम सुरूच राहिलं, मार्चपर्यंत. ३५००च्या वर पेट्या पुरल्या, त्यातल्या जवळजवळ हजार जणांची नावं कोणालाच कळली नाहीत.