बार्सिलोनाची जुनी जहाजगोदी

तर मंडळी, बार्सिलोनाला गेलेले बरेच जण ला रांब्ला या झाडांच्या प्रसिद्ध रस्त्यावरून फिरत फिरत खाली कोलंबसच्या खांबापर्यंत येतात, फोटो काढतात आणि मागे वळतात. तिथेच रस्त्याच्या पलीकडे द्रासानेस आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. द्रासानेस म्हणजे राजाची जहाजगोदी, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या अरागॉनच्या राजांनी तेराव्या शतकात सुरू केलेली. आज तिथे मेरिटाइम म्युझियम आहे.

आत गेलात की काचेच्या कपाटांकडे लगेच जाऊ नका, आधी वर बघा. दगडी कमानींच्या रांगा, त्यावर उतरतं छप्पर आणि मध्ये एकाला लागून एक असे लांबच लांब मोकळे हॉल. ही लांबी शोभेसाठी नाही, ती गॅलीच्या मापाची आहे. गॅली म्हणजे वल्ह्यांवर चालणारी लढाऊ नाव, लांब, चिंचोळी आणि उथळ, हिवाळ्यातल्या खवळलेल्या भूमध्य समुद्रात तिचा टिकाव लागायचा नाही, म्हणून लढाया उन्हाळ्यात आणि थंडीत नावा ओढून छपराखाली. आपले कोळी पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात ना, अगदी तसंच, फक्त इथे अख्ख्या आरमारासाठी. तेव्हा समुद्र दाराशी होता, आता मध्ये भराव आणि वाहता रस्ता आहे.

हॉलमध्ये 'रेआल' उभी आहे. 1571 च्या लेपांतोच्या लढाईत, म्हणजे ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या मोठ्या सागरी लढाईत, ख्रिस्ती आरमाराचा सेनापती ऑस्ट्रियाचा डॉन हुआन याची ही मुख्य गॅली होती आणि मूळ गॅली याच गोदीत बांधलेली. समोर दिसते ती लढाईला 400 वर्षं झाली तेव्हा केलेली पूर्ण आकाराची प्रतिकृती, जवळजवळ 60 मीटर लांब. मागची बाजू सोन्याचा मुलामा, कोरीवकाम, चित्रं यांनी नुसती भरलेली, आणि सगळे तिथेच गर्दी करतात. पण मला विचाराल तर वल्हेकऱ्यांच्या बाकांपाशी थांबा. एकेका वल्ह्याला चार माणसं, त्यातले कितीतरी कैदी आणि गुलाम, पायात साखळी, खाणं झोपणं आणि मलमूत्रसुद्धा त्याच बाकावर. तो मुलामा यांच्या अंगमेहनतीवर समुद्रात फिरत होता, हे बाक बघितल्याशिवाय पोचत नाही.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. दुरुस्तीच्या वेळी जमिनीखाली उत्खनन झालं आणि 2012 च्या सुमारास कळलं की आज दिसणारे हॉल मुख्यतः सोळाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने उभे केलेले आहेत, मध्ययुगीन गोदीच्या जागी, पण जुन्याच गॉथिक धाटणीत. त्याखाली रोमन काळातली दफनंही निघाली. म्हणजे मूळ रेआल 1568 मध्ये पाण्यात उतरली तेव्हा हे हॉल नव्हतेच! इतकी वर्षं सगळे 'मध्ययुगीन' म्हणत आले आणि म्युझियमने स्वतःच्या इमारतीचं वय सरळ बदलून सांगितलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो, कारण 'जुनी' म्हणण्यातच पर्यटक येतात हे त्यांनाही ठाऊक आहे.

पुढे तोफांची शिडाची जहाजं आली, गॅलीचे दिवस संपले, आणि गोदी लष्कराकडे गेली, तोफखान्याची बराक झाली. लष्कराने ती 1935 मध्ये शहराला दिली, लगेच स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, म्युझियम लोकांसाठी उघडलं ते 1941 मध्ये.

जाल तेव्हा धक्क्यावरची सांता एउलालिया चुकवू नका, 1918 मध्ये बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, म्युझियमनेच नीट दुरुस्त करून घेतलंय, आणि ते अजूनही समुद्रात जातं.