‘परका’ हा एक शब्द: लूकच्या शुभवर्तमानाची तोंडओळख

(वाचनालयाच्या हॉलमधलं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड झालेलं होतं, त्यावरून उतरवून घेतलंय. मधले खोकले आणि लाईट गेल्यावरची पाच मिनिटं काढलीत, बाकी जसं बोललो तसं.)

मंडळी, नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मी ख्रिस्ती नाही. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवली, एवढंच. मागं समोरच्या बाकावरच्या एका अक्कांनी विचारलं, सर तुम्ही ज्ञानेश्वरी वाचता, तुकोबा वाचता, मग बायबल कशाला? म्हटलं अक्का, चांगलं लिहिलेलं असेल तर मास्तराला सोडवत नाही हो. आणि हा लूक नावाचा माणूस लई चांगलं लिहितो.

शुभवर्तमान म्हणजे चांगली बातमी. कन्नडमध्ये सुवार्ते म्हणतात, आपल्यातही कितीतरी ख्रिस्ती घरांत सुवार्ताच म्हणतात. येशूची चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान. लूकचं तिसरं, २४ अध्याय, आणि शब्द मोजले तर अख्ख्या नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागातलं, सगळ्यात मोठं पुस्तक. त्याचा दुसरा भाग म्हणजे प्रेषितांची कृत्ये, एकाच माणसानं लिहिलेले दोन खंड. अभ्यासक साधारण इसवी सन ८० ते ९० च्या आसपासचं धरतात, काही जण आधीचंही म्हणतात. पुस्तकात लेखकाचं नाव नाही, पण दुसऱ्या शतकापासून परंपरा सांगते की येशूचा प्रचार करत फिरणाऱ्या पौलाबरोबरचा लूक वैद्य, तोच हा.

सुरुवातच बघा कशी केलीय. ग्रीकमध्ये पहिल्या चार ओव्या म्हणजे, सॉरी, चार वचनं, सवय जात नाही, तर ती चार वचनं मिळून एकच लांबलचक वाक्य आहे. त्यात तो थियफिल नावाच्या कुणा मानाच्या माणसाला सांगतो की ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्यांनी आमच्यापर्यंत पोचवलं, मीही सगळं मुळापासून नीट तपासलं आणि आता तुमच्यासाठी क्रमानं लिहितोय. म्हणजे मी बघितलं असं तो म्हणतच नाही, मी विचारपूस केली म्हणतो. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. मार्कचं पुस्तक त्याच्यासमोर होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात, त्यातलं बरंच त्यानं घेतलंय, पण आज मी जे सांगणार आहे त्यातलं जवळजवळ सगळं फक्त लूककडंच सापडतं.

आता जन्माची गोष्ट. मत्तयकडं पूर्वेचे ज्ञानी लोक येतात, सोनं, ऊद, गंधरस घेऊन. लूककडं कोण येतं? मेंढपाळ. रात्री रानात मेंढरं राखत बसलेले. आपल्या चिकोडी-रायबागच्या बाजूला सुगी झाली की शेतात मेंढरं बसवतात बघा, धनगर तिथंच घोंगडं पांघरून पडलेला असतो, शेजारी कुत्रं. देवदूत पहिल्यांदा त्यांना सांगतो. त्याच्याही आधी मरीयेचं गाणं येतं पहिल्या अध्यायात. ते नीट वाचा एकदा. पोटुशी पोरगी, नात्यातल्या अलीशिबेकडं गेलीय, आणि गाते काय, तर देवानं गादीवरच्यांना खाली ओढलं, दीनांना वर केलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. मला तर ते जात्यावरच्या ओवीसारखं वाटतं, दळता दळता बाई राजाला ऐकवून जाते तशातलं. ओवीवरून आठवलं, आपल्या घाटाखाली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीतच, १६१६ ला पहिल्यांदा छापलं. साहेब इंग्लंडचा, आणि मराठीचं कौतुक असं करतो की आपण लाजावं.

दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू हरवतो, ते वाचून मला चिंचलीच्या मायाक्काची जत्राच दिसते. आईबाप दरवर्षी वल्हांडण सणाला यरुशलेमेला जायचे, वारीसारखंच, गावच्या गाव चालत. परत येताना दिवसभराची वाट चालून झाली आणि मग शोधाशोध, कारण यांना वाटलं पोरगं नातेवाईकांत असेल. आमच्या लहानपणी चार बैलगाड्या निघायच्या जत्रेला, आई म्हणायची काकांच्या गाडीत असेल, काका म्हणायचे मामाच्या, आणि मी मागं उसाच्या फडात. तसंच झालं की. मग तीन दिवसांनी देवळात सापडला, शास्त्री लोकांच्या मधे बसून प्रश्न विचारत.

बरं, आता मुख्य गोष्टीकडं येतो, नाहीतर बालपणातच वेळ जाईल.

नवव्या अध्यायात ५१ व्या वचनाला येशू यरुशलेमेकडं तोंड करून निघतो, आणि मग दहा-एक अध्याय पुस्तक रस्त्यावरच आहे. गालील वरती उत्तरेला, यरुशलेम खाली दक्षिणेला, आणि मधे शोमरोन. शोमरोनी लोक पण त्याच देवाला मानायचे, मोशेचे पाच ग्रंथ मानायचे, पण त्यांचा पवित्र डोंगर गरिज्जीम आणि येशूच्या यहूदी लोकांचं देऊळ यरुशलेमेत. खरं देवस्थान कुठलं यावरून भांडण. येशूच्या आधी शंभराहून जास्त वर्षं एका यहूदी राज्यकर्त्यानं गरिज्जीमवरचं देऊळ पाडलेलं. म्हणजे जुनी जखम. भाऊबंदकी परक्याच्या भांडणापेक्षा वाईट असते, हे मी तुम्हाला काय सांगू.

लूक काय करतो बघा. निघाल्या निघाल्या एक शोमरोनी गाव येशूला उतरायला जागा देत नाही, का, तर हा यरुशलेमेला चाललाय. याकोब आणि योहान हे शिष्य भडकतात, म्हणतात प्रभू, आकाशातून आग पाडू का यांच्यावर? येशू त्यांनाच झापतो आणि दुसऱ्या गावाला जातात. झालं. आता कुणीही लेखक असता तर शोमरोन्यांना खलनायक करून मोकळा झाला असता. लूक लगेच पुढच्या अध्यायात शोमरोन्याला हिरो करतो. तेच ते, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट.

एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण, त्यावर येशू ही गोष्ट सांगतो. ती सगळ्यांना माहीत आहे म्हणून फक्त रस्त्याचं सांगतो. यरुशलेम साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, आपलं बेळगाव पण तेवढंच हो, थोडं इकडंतिकडं. पण यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. पंचवीस-सत्तावीस किलोमीटरात हजार मीटर उतार. आपण चोर्ला घाटानं गोव्याला उतरतो ना, तो उतार डोळ्यासमोर आणा, झाडी काढून टाका, पाऊस काढून टाका, नुसते बोडके डोंगर आणि वळणं, आणि वळणाआड लुटारू. माणूस अर्धमेला पडलाय. याजक, म्हणजे देवळातला पुजारी, बघून पलीकडनं जातो, लेवी, म्हणजे देवळातला सेवेकरी, तो पण तसाच जातो. शोमरोनी थांबतो, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागले तर येताना देतो म्हणतो. उधारी ठेवून जातो! शोमरोन्याला उधारी कोण देणार होतं त्या मुलखात, हा माझा मास्तरी प्रश्न.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट नंतर आहे. येशू त्या शास्त्र्याला विचारतो, तिघांपैकी शेजारी कोण झाला? उत्तर सोपं, एक शब्द, शोमरोनी. तो शास्त्री काय म्हणतो माहीताय? ‘ज्यानं त्याच्यावर दया केली तो.’ नाव तोंडातून निघत नाही हो. आपल्यात पण असं असतं, ‘ते तिकडचे’, ‘तसले लोक’, नाव घ्यायचं नाही, हातानं नुसती दिशा दाखवायची. दोन्ही बाजूंनी असतं. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू.

हे एकदा लक्षात आलं आणि मी लूक परत पहिल्यापासून वाचला, नुसतं कोण कुणाला काय म्हणतं एवढंच बघत. मग दिसायला लागलं. पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकटा बापाच्या जितेपणी वाटणी मागतो, म्हणजे जवळजवळ तू मेलास असंच सांगतो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते, परत येतो. बाप लांबूनच बघून धावत सुटतो. म्हातारा माणूस, गावासमोर, धोतर सावरत, असं मी आपलं चित्र काढतो. बैठकीत सगळे इथंच रडतात. पण थोरला शेतातनं येतो, वाजंत्री ऐकतो आणि दारातच थांबतो. बापाला म्हणतो, ‘हा तुमचा मुलगा.’ माझा भाऊ म्हणत नाही! आणि बाप शेवटी त्याला म्हणतो, ‘हा तुझा भाऊ.’ एक शब्द बदलून दिला. आणि थोरला आत गेला की नाही, लूक सांगतच नाही, गोष्ट दारातच सोडून दिलीय. वाटणीचा कागद आणि उताऱ्यावरचं नाव यावरनं दोन भाऊ दहा वर्षं बोलत नाहीत अशी घरं आपल्या गल्लीत किती आहेत, मोजू नका.

जक्कयाचं पण तेच. यरीहोचा मुख्य जकातदार, रोमन सरकारसाठी जकात गोळा करणारा, म्हणून श्रीमंत आणि म्हणूनच नकोसा. बुटका म्हणून गर्दीत दिसेना, तर उंबरावर चढला. मराठी बायबलात उंबरच आहे, आपल्या डोळ्यापुढं लगेच नृसिंहवाडी येते, इलाज नाही. लोक त्याला पापी म्हणतात. येशू म्हणतो, हा पण अब्राहामाचा पुत्र आहे, म्हणजे यहूद्यांच्या मूळपुरुषाचा, आपल्यातलाच. आणि तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई आहे, तिला अब्राहामाची कन्या म्हणतो.

आता सतरावा अध्याय, ज्याच्यासाठी आज आलो. अकरावं वचन. येशू शोमरोन आणि गालील यांच्या मधनं, म्हणजे सीमेवरनंच चाललाय. सीमेवर आपण राहतो, म्हणून मी थांबलो तिथं. दहा कुष्ठरोगी लांबनं हाका मारतात. दहांत यहूदी पण आहेत आणि एक तरी शोमरोनी आहे, एरवी एकत्र पाणी न पिणारे रोगानं एकत्र आणलेत, सगळ्यांनीच बाहेर काढल्यावर सीमा उरली कुठं. येशू म्हणतो जा, याजकाला दाखवा. मोशेच्या नियमानं बरं झाल्याचा दाखला याजकच द्यायचा. आता शोमरोन्यानं कुठल्या याजकाकडं जायचं? यरुशलेमेचा याला घेणार नाही, गरिज्जीमचा दाखला तिकडं चालणार नाही. (हशा) हसताय म्हणजे कळलंय तुम्हाला. दाखल्यासाठी कुठल्या बाजूच्या ऑफिसात जायचं हा प्रश्न आपल्याला नवा नाही. तर तो एकटाच परत फिरतो आणि येशूच्या पायाशी पडतो. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठं आहेत? या परक्याशिवाय कुणीच आलं नाही का?

‘परका’ला लूक ग्रीकमध्ये जो शब्द वापरतो, अल्लोगेनेस, तो अख्ख्या नव्या करारात फक्त इथं, एकदाच येतो. पण तो दगडावर सापडलाय. यरुशलेमेच्या देवळात आतल्या अंगणाला एक कठडा होता, त्यावर ग्रीकमध्ये फलक लावलेले, की कुणाही परक्यानं या कठड्याच्या आत येऊ नये, सापडला तर त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार. १८७१ ला क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकाला तो अख्खा फलक मिळाला, आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. त्या फलकावर हाच शब्द आहे. येशू तो शब्द कुठल्या सुरात बोलला असेल ते कागदावर येत नाही, पण लूकनं तोच वापरला आणि ज्याला कठड्याबाहेर ठेवायचं तोच पायाशी येऊन आभार मानताना दाखवला. फलकाची किंमत काय असते ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. योहानाकडं तर क्रुसावर तीन भाषांतला फलक आहे आणि त्यावर काय लिहायचं यावरनं पण वाद झालाच.

बाकीचं पटपट सांगतो. पंगती हा लूकचा मोठा विषय, येशू सारखा कुठंतरी जेवायलाच बसलेला असतो आणि कुणाच्या पंगतीला बसला यावरनं बोलणी खातो. पंक्तिभेद हा शब्द आपल्याला आहेच. शेवटच्या जेवणातही शिष्य मोठं कोण यावर भांडतात, तर म्हणतो मी तुमच्यात वाढप्यासारखा आहे. बायकांचं म्हणाल तर आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना यांची नावं दिलीत, पदरच्या पैशानं सगळा खर्च चालवणाऱ्या. अठराव्यात एक विधवा न्यायासाठी न्यायाधीशाच्या मागं लागते, तो शेवटी कंटाळून न्याय देतो. आपला सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिला आपल्यापेक्षा लवकर मिळाला. प्रार्थना आणि पवित्र आत्मा हे पण लूकचे लाडके विषय, पण त्यावर माझ्यापेक्षा चर्चमधले पाळक चांगलं बोलतील.

वाचायचं कुठलं भाषांतर, असं मगाशी विचारलं. बाजारात मिळेल ते चालेल. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरनं केलेलं सोप्या मराठीतलं पण आहे, त्या गेल्या १९२२ ला आणि ते पूर्ण छापलं १९२४ ला. बाईंचा जन्म पण आपल्याच राज्यातला बरं का, गंगामूळच्या रानातला.

शेवटचा अध्याय, अम्माऊसचा रस्ता. येशू गेलाय असं समजून दोघं जण तोंड पाडून गावाकडं चाललेत, तोच येशू बरोबर चालायला लागतो पण ओळखू येत नाही. त्यातला क्लयपा वैतागून म्हणतो, यरुशलेमेत राहून काय घडलं ते माहीत नसलेला तू एकटाच बाहेरगावचा आहेस का रे? शब्द आता दुसरा आहे, पण घाव तोच, आणि या वेळी तो येशूलाच बसतो. संध्याकाळ झालेली असते, तो पुढं निघायला बघतो, तर हे दोघं हात धरून म्हणतात, अहो दिवस उतरलाय, राहा आमच्याकडं. राहतो. भाकर मोडताना ओळखतात.

बरं, खानापूरच्या लोकांची बस आहे, दोघंतिघं उठलेत मागं, दिसतंय मला. थांबतो. चहा झालाय बाहेर.