चिठ्ठी खोटी, पिंगळा खरा

[दृश्य: लाकडी खण उघडतो. कापूस भरलेले पक्षी ओळीने उताणे ठेवलेले.]

इंग्लंडमधलं ट्रिंग. इथल्या संग्रहालयात पक्ष्यांचे लाखो नमुने आहेत, आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी मिळवला. चिठ्ठी नसेल, तर उरतात फक्त पिसं.

रानपिंगळा या छोट्या घुबडाचे नमुने जगभरात मिळून सात. पहिला ब्लेविट या इंग्रज अधिकाऱ्याने 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात टिपला. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूमने त्याचं वर्णन छापलं आणि ‘ब्लेविटी’ हे नाव दिलं. हा ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याला हा पक्षी आपल्या खानदेशात मिळाला. 1884 नंतर मात्र सामसूम.

अपवाद एकच. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, गुजरात, ऑक्टोबर 1914. खाली नाव कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांचं. ब्रिटिश लष्करातलं आणि पक्षिअभ्यासातलं बडं नाव. शंका कोण घेणार? पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनीही हा पक्षी शोधला, पण हाती काही लागलं नाही.

[दृश्य: क्ष-किरण चित्र. पिसांच्या आत हाडं.]

नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी या कर्नलसाहेबांचा संग्रह तपासायला घेतला. 1914 चा पिंगळा त्यांनी क्ष-किरणांखाली धरला. पक्षी पुन्हा उसवून नव्याने भरलेला होता. पण पक्षी भरणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, शिंप्याच्या टाक्यासारखा, आणि जुन्या हाताच्या खुणा आत शिल्लक होत्या. तो हात डेव्हिडसनचा! म्हणजे संग्रहालयातलाच खानदेशी पक्षी चोरून, त्यावर मांडवीची चिठ्ठी चढवलेली. लोक जिथे शोधत होते, तिथे तो कधी सापडल्याची नोंदच खरी नव्हती.

मग मांडवी वगळली. उरल्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडे फिरले, रिकाम्या हाताने निघाले आणि खानदेशात आले.

[दृश्य: सातपुड्याचा पायथा, निष्पर्ण झाडं, सकाळचं ऊन.]

25 नोव्हेंबर 1997. शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. उघड्या फांदीवर एक ठेंगणा पिंगळा उन्हं खात बसलेला. आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. चोच दणकट, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. कॅमेरा सुरू झाला. 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा नोंदला गेला.

इतकी वर्षं तो नजरेतून कसा सुटला, याचं नवल वाटतं. कारण हा काही अंधारात दडणारा पक्षी नाही. दिवसाढवळ्या ओरडतो, शेपटी डावी-उजवी हलवत सरड्यांवर झेप घालतो. रानातल्या माणसांनी तो पाहिला नसेल, असं मला तरी वाटत नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा नोंदी वाढत गेल्या. आणि 2014 मध्ये तो दिसला तानसाच्या अभयारण्यात. ज्या तलावाचं पाणी मुंबईच्या नळाला येतं, त्याच्याच काठच्या रानात.

[दृश्य: सागाची फांदी. पिंगळा मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो.]