जैसलमेरचा किल्ला पाण्याला का घाबरतो

(किल्ला, लांबून, पहाट)

हा शॉट घ्यायला आम्ही जानेवारीच्या थंडीत साडेपाचला उठलोय, त्यामुळे जरा जास्त वेळ ठेवलाय, चालवून घ्या. आधी नुसता काळा ढीग दिसतो, मग वरची कड उजळते, आणि मग पाचसात मिनिटांत सगळा किल्ला पिवळाधम्मक. जेजुरीला भंडारा उधळल्यावर पायऱ्या दिसतात ना, तसा.

हे जैसलमेर. टेकडीचं नाव त्रिकूट, आजूबाजूच्या जमिनीपासून उंची साधारण 76 मीटर. राजगड-तोरणा केलेला माणूस हसेल, म्हणेल ह्याला काय चढायचं. पण इथे कडा आणि दरीचं काम अंतर आणि तहान करायची. इकडे एक म्हण सांगतात, "घोडा कीजे काठ का, पग कीजे पाषाण, बख्तर कीजे लोह का, तब पहुँचो जैसाण". म्हणजे घोडा लाकडाचा, पाय दगडाचे आणि अंगावर लोखंड असेल तरच इथवर पोचाल. आम्ही स्लीपर कोचने पोचलो, पण कंबरेची अवस्था तीच.

(पहिला दरवाजा, चढाचा रस्ता)

1156 मध्ये भाटी राजपुतांच्या रावळ जैसलने हे वसवलं. त्याच्या आधीची राजधानी लोद्रवा, इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर, उघड्यावर, सारखी लुटली जायची. आता वाळवंटात टेकडी निवडायची तर पहिला प्रश्न पाण्याचा, म्हणून गोष्ट पण पाण्याचीच आहे. कृष्ण आणि अर्जुन इथे आले, अर्जुनाला तहान लागली, कृष्णाने सुदर्शनचक्र मारून खडकातून पाणी काढलं आणि सांगितलं की पुढे माझ्या वंशातला कोणीतरी इथे राज्य करेल. भाटी स्वतःला यदुवंशी मानतात, तेव्हा गोष्ट बरोबर जागेवर बसते. ती विहीर किल्ल्यात दाखवतात, जैसलू म्हणतात तिला.

दरवाजे चार. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ. हवा पोळच्या सावलीत दोन मिनिटं उभे राहा, नाव का पडलं ते कळतं.

(बुरूज, क्लोजअप)

हे बुरूज एकूण 99, त्यातले 92 तर 1633 ते 1647 ह्या चौदा वर्षांतच बांधलेत. आता दगडाकडे बघा. झूम केलंय मुद्दाम. चुना दिसतोय? नाही. घासून नीट बसवलेला दगडावर दगड. आणि हा दगड ज्या थरांतला आहे ते साधारण 16-17 कोटी वर्षांपूर्वी साचलेत, तेव्हा इथे समुद्र होता. ह्या वाळवंटात सगळ्यात जुनी वस्तू काय तर समुद्र. घडवायला मऊ, उन्हाला पक्का. आणि टेकडी? ती पण थराथरांचीच, वाळूचा दगड, मध्ये शेल, म्हणजे मातीचा पापुद्र्यांचा दगड, मध्ये चिकणमाती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(गल्ली, गाय, स्कूटर, वाळत घातलेल्या चादरी)

आपल्याकडे गड म्हटलं की ओसाड, वर गेलं की वारा आणि पिठलं-भाकरी. इथे हजारो माणसं राहतात. शाळेचं दप्तर, कुकरची शिट्टी, भिंतीवर लग्नाचं आमंत्रण रंगवलेलं, त्यावर गणपती. आपल्यात पन्हाळा असा नांदता आहे, तुलना करायचीच तर त्याच्याशी करा. दसरा चौकात राजमहाल, थोडं पुढे जैन मंदिरं. मंदिरांच्या आत शूट केलेलं नाही त्यामुळे त्याबद्दल इथे फार बोलत नाही, पण स्वतः गेलात तर तासभर काढा. अडीच साक्यांची गोष्टही मोठी आहे, जौहर आणि शेवटची लढाई दोनदा पूर्ण आणि एकदा अर्धी, पण दाखवायला आपल्याकडे फक्त बंद दारं आहेत.

(भिंतीतली पन्हळ)

हे मात्र दाखवणार. ह्या दगडी पन्हळीसमोरून दिवसाला शेकडो लोक जात असतील, कोणी वर बघत नाही. ह्याला घूटनाली म्हणतात. किल्ल्यात पडलेलं पावसाचं पाणी मुरायच्या आत चारी दिशांनी टेकडीखाली उतरवायचं, ह्यासाठी ही सगळी व्यवस्था. इथे वर्षाला पाऊस किती, दीडशे-दोनशे मिलिमीटर, महाबळेश्वरात जुलैत एखाद्या दिवशी एवढा पडून जातो. तरी बांधणाऱ्याने पाणी बाहेर काढायची एवढी काळजी घेतली, कारण त्याला माहिती होतं आपण कशावर उभे आहोत. घरांची छपरं पण बघा, लाकडी तुळया, वर काटक्या, वर मातीचा जाड थर. उन्हाला एकदम झकास, ओलाव्याला नाही.

शिवाय वापरायचं पाणी इथे डोक्यावरून यायचं. खालच्या तलावावरून घडा भरायचा, चार दरवाजे चढून घरी आणायचं. असं आणलेलं पाणी कोण सांडेल? भाजी धुतलेलं झाडाला, आंघोळीचं अंगण सारवायला. एक काकासा आहेत, त्यांच्या ओट्यावर आम्ही चहा प्यायलो, ते म्हणाले आमच्या आईने घडा आपटलेला कधी ऐकला नाही, सगळं हळू.

मग नळ आले. मग टुरिस्ट आले, घराचं गेस्टहाऊस झालं, गेस्टहाऊसमध्ये अटॅच्ड बाथरूम, शॉवर, फ्लश, रोज चादरी धुणं, आणि ते सगळं पाणी त्याच टेकडीवर जिच्यावर थेंब मुरू द्यायचा नाही म्हणून एवढी खटपट केली होती. (इथे पाइप दिसतोय, दगडी पन्हळीच्या शेजारून उतरलेला, बघा.) चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते, वरचा बुरूज बिचारा काय करणार. 1996, 1998, 2000 असं तीनदा हा किल्ला जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत होता, दुरुस्त्या झाल्या, 2013 मध्ये राजस्थानच्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, काही बुरूज ढासळले, 2024 च्या ऑगस्टमध्ये पावसात भिंतीचा एक भाग खाली आला. त्याचं फुटेज आपल्याकडे नाही. पुढे.

आम्ही राहिलो किल्ल्याच्या बाहेर. व्ह्यू उलट जास्त चांगला मिळतो, किल्ल्यात राहिलात तर किल्ला दिसत नाही, साधी गोष्ट आहे.

(हवेल्या)

पटव्यांची हवेली म्हणतात पण आहेत पाच. गुमानचंद पटवा नावाच्या व्यापाऱ्याने 1805 च्या सुमारास पहिली सुरू केली, पाच मुलांच्या पाच. झरोक्यांवर कॅमेरा फिरवतोय, बोलत नाही थोडा वेळ.

...

ही दिवाण नथमलची, 1885. दोन भावांनी केली, हाथी आणि लालू, एकाने डावी बाजू घेतली एकाने उजवी. लांबून जुळी वाटतात, मग खिडकी खिडकी मोजायला लागलात की जुळत नाही. आमच्या कॅमेरामनने वीस मिनिटं ह्याच्यातच घालवली. दारात दगडी हत्ती.

हा पैसा उंटांच्या तांड्यांचा, सिंध-अफगाणिस्तानकडून येणाऱ्या मालावरच्या जकातीचा. पुढे मुंबई बंदर वाढलं, माल समुद्राने जायला लागला, तांडे कमी झाले. म्हणजे आपल्या मुंबईचा ह्यात हात आहे. 1947 ला सीमा आली आणि उरलंसुरलं बंद.

(गडीसर, संध्याकाळ)

घडे भरायचा तलाव तो हा. चौदाव्या शतकात रावळ गडसीने नीट बांधून काढला. हे कमानीचं दार टिलोंची पोळ, टिलों नावाच्या नर्तकीने बांधलेलं. राजाला ते खटकलं, तर तिने वर कृष्णाचं देऊळ बसवलं, आता पाडून दाखवा. बाई हुशार.

पण मला दार नाही, त्याच्या मागची ही मोकळी जमीन दाखवायचीय. ह्याला आगोर म्हणतात, जिथून पावसाचं पाणी वाहत तलावात येतं. ती स्वच्छ ठेवायची, तिथे घाण करायची नाही, हे सगळ्या गावाचं काम. तलाव भरून वाहिला की जास्तीचं पाणी पुढच्या तलावात, तो भरला की त्याच्या पुढच्यात. आज ह्यात कालव्याचं पाणी पण सोडतात, बोटी चालतात, मासे पाव खातात.

(शेवटचा शॉट, किल्ल्याच्या बाहेरचा रस्ता)

परत जाताना हे दिसलं म्हणून रिक्षा थांबवली. बुरुजाचा पायथा, डावीकडे खाली, तो काळपट डाग. हात लावला तर ओला. आम्ही आठ दिवस इथे होतो, आभाळात ढग नव्हता.