जिन्यात घुमलेले ड्रम्स

(फक्त ड्रम्स. सुरुवातीचे दोन बार.)

आधी एवढंच ऐका. ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे ‘बांध फुटतो तेव्हा’. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या चौथ्या अल्बमचं शेवटचं गाणं, सात मिनिटांहून मोठं. माझ्या संग्रहातल्या एलपींमध्ये सर्वात जास्त वाजलेली बाजू हीच. तरी सुई टेकली की कान पहिल्यांदा ड्रम्सकडेच जातो, कारण त्यांच्या बरोबरीनं इथे एक अख्खी इमारत वाजते.

ती इमारत म्हणजे इंग्लंडच्या हॅम्पशायरमधलं हेडली ग्रेंज. १७९५ मध्ये निराधारांसाठी बांधलेलं, तीन मजली. बँडनं तिथे मुक्काम टाकला आणि जॉन बॉनमचा ड्रम सेट खालच्या दालनात, जिन्याच्या तळाशी मांडला. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन माइक वर जिन्यात टांगले. दोनच! बेस ड्रमजवळ एकही नाही.

(पुन्हा ड्रम्स.)

आता स्नेअरचा, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, एकच ठोका पकडा. ठोका पडतो, आणि त्याच्या मागोमाग हवा फुगत येते. आवाज जिन्यातून वर चढतो, भिंतींवर आपटतो आणि माइकपर्यंत पोचेस्तोवर जाडजूड झालेला असतो. त्यात कॉम्प्रेसर: ठोक्याचा जोर तो दाबतो, मागचा घुमारा वर उचलतो. शिवाय इको यंत्रामुळे बेस ड्रमला सावली मिळते. बॉनमची लय मात्र मुळातच संथ, किंचित मागे रेललेली. ती नसती, तर हा सगळा खटाटोप नुसता गोंगाट ठरला असता, असं माझं ठाम मत आहे.

मग माऊथ ऑर्गन येतो. त्याचा प्रतिध्वनी उलटा लावलाय: आधी पडसाद, मग सूर. टेपचा वेगही नंतर कमी केला, म्हणून सगळं गढूळ आणि जड ऐकू येतं. पुराच्या पाण्यासारखं. रॉबर्ट प्लँटचा आवाज येईपर्यंत मिनिटभराहून जास्त वेळ जातो, आणि तोवर पाणी गळ्याशी आलेलं असतं.

पूर खराच होता. १९२७ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीचे बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले. त्यांत कृष्णवर्णीय शेतमजुरांचे हाल सर्वाधिक. १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या ब्लूज गाणाऱ्या जोडप्यानं हे गाणं मुद्रित केलं. लेड झेपेलिनच्या अल्बमवर श्रेय देताना मिनीचं नाव घातलं, जोचं राहिलं. मूळ ध्वनिमुद्रणात गाणारा तोच होता. हे मला आजही खटकतं.

शेवटचं मिनिट हेडफोन लावून ऐका. वाद्यं एका कानातून दुसऱ्या कानात गरगरत राहतात, पण प्लँटचा आवाज मधोमध जागेवरून हलत नाही. बँडचा गिटारवादक जिमी पेजनं हे मिक्सिंग करताना मुद्दाम साधलंय.

त्यानंतर लगेच १९२९ चं मूळ गाणं लावा. तिथे ड्रम्स नाहीतच. दोन गिटारी, त्यातली पुढे धावणारी मिनीची, आणि जोचा सरळ, न ओरडणारा आवाज. पुराला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.